गोण्या गेल्याच नव्हत्या

लोकांची आयुष्यं लिहून देणं हा माझा जोडधंदा होता. मूळ नोकरी नारायणगावच्या पेठेतल्या एका वाचनालयात ग्रंथपालाची. सकाळी वारूळवाडीहून चालत जायचं, वर्तमानपत्रं टेबलावर मांडायची, परत आलेली पुस्तकं कपाटात घालायची आणि दुपारी कुणी फिरकत नसे तेव्हा खणातून एखाद्या कैलासवासी गृहस्थांची फाईल काढून लिहीत बसायचं. निवृत्तीनंतर खण तेवढा बदलला. अशी एकवीस चरित्रं मी लिहिली. बहुतेक जन्मशताब्दीला किंवा पुण्यतिथीला छापली गेली, पाहुण्यांना शाल-श्रीफळासोबत वाटली गेली आणि बासनात गेली. त्याचं मला फारसं वाईट वाटत नसे. घरच्या कपाटात आजोबांचं एक पुस्तक असावं, एवढीच बहुतेक घरांची इच्छा असते आणि ती काही गैर नाही.

या कामाची माझी एक पद्धत होती. घरचे लोक एखादी ट्रंक किंवा पिशवी आणून देत. पहिले काही दिवस मी एक ओळसुद्धा लिहीत नसे. प्रत्येक कागदाची नोंद करायचो. मग घरातल्या सगळ्यांत वयस्कर बाईला भेटायचो, कारण पुरुषमंडळी सभेत काय झालं ते सांगतात, कोण कुणावर का रुसलं होतं ते बायका सांगतात. शेवटी लिहिलेलं सगळ्यांसमोर वाचून दाखवायचं. त्या वाचनात बरंच गळायचं. आणि एक नियम मी कधी मोडला नाही. घरचे कागद घरचेच. विचारल्याशिवाय त्यांतला शब्द बाहेर न्यायचा नाही.

गिऱ्हाइकं तऱ्हेतऱ्हेची भेटली. राजुरीच्या एका बागायतदारांनी हयातीतच स्वतःचं चरित्र माझ्याकडून लिहवून घ्यायला सुरुवात केली. दर रविवारी फोन. "सर, भावाचं ते पान काढा, आमचं बोलणं सुरू झालंय." महिन्याभरानं पुन्हा फोन. "काढलेलं पान हाय ना जपून? परत घाला." अवसरी बुद्रुकच्या एका घरातले आजोबा तरुणपणी गावच्या नाटकात स्त्री-भूमिका करत. मुलांना त्याची लाज वाटे, म्हणून मी ते सगळं प्रकरण गाळलं. पुस्तक हातात पडल्यावर त्यांच्या थकलेल्या पत्नीनं सगळी पानं उलटून पाहिली आणि विचारलं, "ह्यांचा शालूतला फोटो कुठाय? लई देखणे दिसायचे त्यात." तेव्हा मी हसून वेळ मारून नेली.

शेवटचं, एकविसावं चरित्र केसरीमल शेठचं. त्यानंतर मी हे काम सोडलं. ते का सोडलं, तेच इथे लिहितो आहे.

केसरीमल शेठ मारवाडातून आले ते बारा वर्षांचे असताना, एका दूरच्या मामाच्या दुकानात. काळ इंग्रजांचा. जुन्नर आणि आंबेगावच्या पश्चिमेला डोंगरात हिरड्याची झाडं आहेत. उन्हाळ्यात तिथली माणसं कोवळी फळं गोळा करतात, वाळवतात आणि खाली आणून विकतात. औषधाला तो लागतोच, पण त्या काळी त्याचा मोठा खप कातडी कमावण्यासाठी होता. मुंबईच्या बंदरातून तो विलायतेला जाई. शेठनी वयाच्या तिशीत जुन्नरला स्वतःची वखार घातली. तट्टावर बसून ते डोंगरातल्या वाड्यावाड्यांतून फिरत. डोंगरातल्यांची बोली ते त्यांच्यासारखीच बोलत, असं मला तीन वेगवेगळ्या माणसांनी सांगितलं.

पुढे ते तालुका लोकल बोर्डात निवडून आले, मग बोर्डाचे अध्यक्ष झाले. त्यांनी केलेली कामं खरी होती, हे मला आजही सांगायला हवं. डोंगराकडे जाणारा रस्ता त्यांच्या कारकिर्दीत झाला. दोन शाळा झाल्या. देवीच्या साथीत ते स्वतः लस टोचणाऱ्या डॉक्टरांना घेऊन वाड्यांवर गेले आणि लोक घाबरतात असं पाहून आधी स्वतःचा दंड पुढे केला. हे सगळं मी आवडीनं लिहिलं. मला तो माणूस आवडू लागला होता. चरित्र लिहिणाऱ्याला ही लागण होतेच.

चरित्राचं काम त्यांचे नातू सुभाषशेठ यांनी दिलं होतं. साठीचे, मृदू बोलणारे, गावच्या राजकारणात मुरलेले. त्यांनी पाठवलेल्या ट्रंकेत बोर्डाची पत्रं होती, मानपत्रं होती आणि क्षमापनेच्या छापील कार्डांचा एक गठ्ठा होता. जैन घरांत पर्युषणाच्या शेवटी, संवत्सरीला, वर्षभरात कळत-नकळत झालेल्या अपराधांची सगळ्यांकडे क्षमा मागतात. 'मिच्छामि दुक्कडम्' म्हणतात. जे दूर असतात त्यांना तसं पत्र धाडतात. आमच्या पेठेत राहणाऱ्या कुणालाही हे नवं नाही. दरवर्षी माझ्या घरीही अशी पाच-सहा कार्डं येतात. मजकूर ठरलेला असतो. आपण ते डोळ्यांखालून घालतो आणि ठेवून देतो. माझ्या वहीत मी नोंद केली, 'क्षमापना पत्रिका, छापील, सर्व एकसारख्या, एक गठ्ठा.' सुतळी सोडलीही नाही.

पुस्तक निम्मं लिहून झालं असताना बुधाबाबा माझ्या घरी आले. नव्वदीला टेकलेले, ताठ, पांढरं धोतर, हातात काठी. बरोबर त्यांची मुलगी यमुनाताई. जुन्नरच्या पश्चिमेकडच्या एका वाडीवरून दोन एसट्या बदलून आले होते. पाणी प्यायले आणि सरळ मुद्द्यावर आले.

"शेठचं पुस्तक तुमी लिवताय व्हय, गुरुजी?"

"हो."

"मंग त्यात येक वळ टाका. राघू चोर न्हवता, एवढीच. राघू म्हंजी माझा बाप."

हकीकत त्यांनी सांगितली ती अशी. एका उन्हाळ्यात राघूनं डोंगरातल्या लोकांना एकत्र केलं. वखारीत माप आमच्या डोळ्यांसमोर झालं पाहिजे, नाहीतर हिरडा खाली आणणार नाही, असं ठरवलं. दीड महिना एक गोणी उतरली नाही. बोर्डाची निवडणूक तोंडावर होती. डोंगरातल्यांना तेव्हा मत नव्हतं, पण पेठेत बोभाटा झाला. मग एक दिवस शेठनी फिर्याद दिली की राघूनं वखार फोडून गोण्या पळवल्या. राघूला सहा महिन्यांची शिक्षा झाली. बाकीचे घाबरले आणि हिरडा पुन्हा खाली येऊ लागला. राघू सुटून आला तो खोकत आला, दोन पावसाळे काढले आणि गेला.

"मी पोरगा व्हतो. पुढं मोठा झालो, हिरडा घिऊन पेठंत जायाचो, तर वखारीतले म्हणायचे, राघूचं पोर आलं, गोण्या मोजा रं. हसायचे. मी बी हसायचो. काय करता?" बुधाबाबा म्हणाले. "आमच्या वाडीत सगळ्यांला ठावं हाय बाप कसा व्हता त्यो. पेठंला न्हाई. पुस्तक पेठंत वाचत्यात."

मी नेहमीचा प्रश्न विचारला. "बाबा, काही कागद, काही पुरावा आहे का?"

यमुनाताईंनी माझ्याकडे पाहिलं. "गुरुजी, पुरावा असता तर आजा आत गेला असता का?"

मी म्हणालो, शोधतो. आणि शोधलंही. बोर्डाची सगळी पत्रं पाहिली. त्या वर्षीची शेठची भाषणं वाचली. काही सापडलं नाही. सुतळी बांधलेला तो गठ्ठा माझ्या हाताखालून दोनदा इकडून तिकडे गेला. क्षमेच्या पत्रात काय शोधायचं, ती तर सगळी सारखीच असतात.

घरच्यांसमोर वाचन झालं तेव्हा वखारीच्या चोरीचा प्रसंग सुभाषशेठना हवा होता. घरात तो शेठच्या धीरोदात्तपणाची गोष्ट म्हणून सांगितला जाई. मी मध्यम मार्ग काढला. प्रसंग ठेवला, राघूचं नाव काढलं. 'वखारीतील चोरीच्या प्रसंगीही शेठजींनी मनाचा तोल ढळू दिला नाही', असं एक वाक्य. नाव काढलं म्हणजे मी त्या घरावर उपकारच केला, असं मला त्या वेळी खरोखर वाटलं होतं.

पुस्तकाचं प्रकाशन झालं. पंधरा दिवसांनी बुधाबाबा पुन्हा आले. यमुनाताईंनी त्यांना ते पान वाचून दाखवलं होतं.

"गुरुजी, चोरी ठिवली आन चोर काढला," ते म्हणाले. आवाज चढलेला नव्हता. "आता ज्याला ठावं न्हवतं त्यो बी इचारणार, चोर कोण व्हता?"

मी म्हणालो, "बाबा, दुसरी आवृत्ती निघाली तर बघू."

"तुमच्या दुसऱ्या पुस्तकाला मी कुठं आसंल?" असं म्हणून ते हसले आणि काठी टेकत उठले. जिना उतरताना यमुनाताई त्यांना म्हणाल्या, "आबा, दमानं." एवढंच मला वरून ऐकू आलं.

श्रावण लागला. नागपंचमीच्या आदल्या दिवशी मी ट्रंक परत देण्यासाठी आवरायला घेतली. गठ्ठ्याची सुतळी कुजली होती, उचलताना तुटली आणि कार्डं जमिनीवर पसरली. बरीच पालथी पडली. मागच्या बाजू कोऱ्या होत्या. एक सोडून.

त्या कार्डाच्या पाठीवर मोडीत मजकूर होता. अक्षर शेठचं. बोर्डाच्या पत्रांमुळे मला ते आता माझ्या अक्षराइतकं ओळखीचं झालं होतं. जुनी लिखावट वाचायची मला सवय आहे, तरी मी ते तीनदा वाचलं. 'राघू यास. तुजवर घातलेली चोरीची फिर्याद खोटी होती. गोण्या गेल्याच नव्हत्या. माझे सांगण्यावरून त्या दुसरे वखारीत नेल्या. बोर्डाचे निवडणुकीपायी हे केले. छापील मजकुरात हे येत नाही म्हणून हाताने लिहिले आहे. केसरीमल.'

कार्ड टपालात पडलेलंच नव्हतं. त्यावर तिकीट नव्हतं, शिक्का नव्हता. लिहिलं तेव्हा राघू जिवंत होता की नव्हता, का पाठवलं नाही, हे मला माहीत नाही. कळण्याचा मार्गही नाही.

त्याच संध्याकाळी फोन उचलून यमुनाताईंना सांगायला काय हरकत होती? हा प्रश्न मी स्वतःला इतक्या वेळा विचारला आहे की आता तो मला गुळगुळीत वाटतो. मी फोन केला नाही. चार दिवस अक्षर पडताळण्यात घालवले, जे पहिल्या नजरेत ओळखलं होतं ते. मग नियमाप्रमाणे कार्ड घेऊन सुभाषशेठकडे गेलो आणि त्यांना वाचून दाखवलं.

त्यांनी कार्ड हातात घेऊन उलटसुलट करून पाहिलं. मग म्हणाले, "आजोबांचंच आहे?"

"त्यांचंच."

"सर, मी नाही म्हणत नाही. सांगायलाच पाहिजे. पण पर्युषण होऊ द्या. संवत्सरी झाली की मी स्वतः वाडीवर जातो, हे कार्ड घेऊन. बाबांच्या पाया पडतो. ज्या दिवशी म्हणायचं त्याच दिवशी म्हणू ना. तोवर बाहेर बोलू नका. इलेक्शनचं वातावरण आहे, कोण कशाचं काय करील नेम नाही."

मला त्यांचं बोलणं पटलं. इथे मला खरं लिहायला हवं. नुसतं पटलं नाही, आवडलं. नातू डोंगर चढून जातो, नव्वद वर्षांच्या म्हाताऱ्याच्या हातात आजोबांचं कार्ड ठेवतो, तेही संवत्सरीला. दुसऱ्या आवृत्तीचं शेवटचं प्रकरण माझ्या मनात तयार झालं. त्याची पहिली चार वाक्यंही मी वहीत लिहून ठेवली. एका माणसाला एक गोष्ट कळायची होती, आणि मी त्या गोष्टीला शोभेल असा दिवस पाहत बसलो.

मधे यमुनाताईंचा फोन आला. "गुरुजी, आबा निजूनच हायती दोन दिस. इचारत्यात, काय घावलं का म्हून."

"बघतोय," मी म्हणालो. "थोडं थांबा म्हणावं."

"थांबा, त्येंलाच देते."

पलीकडे खरखर, मग त्यांचा श्वास. "गुरुजी, न्हाई घावलं तरी ऱ्हाऊ द्या. तुमी बघितलं, लई झालं."

कार्ड माझ्या समोर टेबलावर होतं. मी म्हणालो, "बाबा, तब्येत सांभाळा. भेटू."

श्रावणी पोळ्याच्या आठवडाभर आधी ते गेले.

दशक्रियेला मी गेलो. आमच्याकडे दशक्रियेला माईक असतो, आणि पुढारी येऊन श्रद्धांजली वाहतात. इलेक्शनचं वर्ष असलं की जास्त येतात. सुभाषशेठही आले. त्यांनी माईकवर दोन मिनिटं बुधाबाबांच्या मनमिळाऊ स्वभावाबद्दल सांगितलं. खाली उतरताना त्यांची माझी नजरानजर झाली आणि त्यांनी मान खाली घातली. नदीकाठी पिंडाला कावळा बराच वेळ शिवेना. लोक कुजबुजू लागले, काय राहिलं असेल म्हाताऱ्याचं. कुणी म्हणालं, नातीच्या लग्नाची काळजी. कुणी म्हणालं, यमुनेकडं बघू म्हणा. मी या गोष्टी मानत नाही. तरी तिथे मला उभं राहवेना, मी मागे जाऊन एसटीच्या थांब्यावर बसलो. नंतर ऐकलं, दर्भाचा कावळा करून उरकलं.

संवत्सरीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सुभाषशेठ दरवर्षीप्रमाणे माझ्या दारात आले. हात जोडले. "सर, मिच्छामि दुक्कडम्. वर्षभरात काही चुकलं असेल तर..."

दरवर्षी मीही हात जोडून तेच म्हणतो आणि आम्ही चहा घेतो. या वेळी माझे हात वर आले नाहीत.

"माझ्याकडे काय मागताय?" मी म्हणालो. मी असं कधी कुणाला बोललेलो नाही. माझा आवाज मलाच परका वाटला.

ते तसेच उभे. "आता कुणाकडे जाणार, सर? बाबा गेले."

"मुलगी आहे. मी येतो बरोबर."

त्यांनी ड्रायव्हरला पाठवून दिलं आणि गाडी स्वतः चालवली. डांबरी रस्ता संपल्यावर गाडी लावून चालत निघालो. भातखाचरांत तण उपटायची बेणणी चालली होती. यमुनाताई गुडघाभर चिखलात वाकल्या होत्या. दोन खाचरं पलीकडे त्यांची आत्या, बुधाबाबांची धाकटी बहीण, तीही ऐंशीची असेल, बेणत होती.

मी आधी यमुनाताईंना कार्डावरचा मजकूर वाचून दाखवला. त्या चिखलाचे हात अंगापासून लांब धरून ऐकत होत्या. मग सुभाषशेठ बांधाच्या कडेशी गेले, चपला काढल्या, हात जोडले आणि म्हणाले, "मिच्छामि दुक्कडम्, ताई."

"आमच्या भाषंत सांगा," यमुनाताई म्हणाल्या.

सुभाषशेठना क्षणभर सुचेना. इतकी वर्षं माईकवर बोललेला माणूस. मग ते एकेक शब्द ठेवत बोलले. "माझ्या आजोबांनी खोटी फिर्याद दिली. तुमच्या आजोबांनी चोरी केली नव्हती. गोण्या गेल्याच नव्हत्या."

"जोरात सांगा. आत्याला कमी ऐकू येतं."

त्यांनी जोरात सांगितलं. आणखी एकदा, त्याहून जोरात. आजूबाजूच्या खाचरांतल्या बायका कमरा सरळ करून पाहू लागल्या. आत्या हातातला गवताचा पुंजका तसाच धरून बांधावरून आमच्याकडे आली. तिनं सुभाषशेठना नीट निरखलं, मग माझ्या हातातल्या कार्डाकडे पाहिलं.

"ह्ये कधी घावलं?"

"नागपंचमीच्या आदल्या दिवशी," मी म्हणालो.

तिनं बोटांवर मोजलं नाही, पण मोजलं. "तवा दादा व्हता की."

"होते."

"मंग त्येला का न्हाई सांगितलं?"

सुभाषशेठ माझ्याकडे बघू लागले. त्यांनी थांबवलं होतं म्हणून, असं मला म्हणता आलं असतं, आणि ते खोटं ठरलं नसतं. "मला माहीत होतं, आत्या," मी म्हणालो. "त्यांच्याशी फोनवर बोललो तेव्हाही माहीत होतं. मी सांगितलं नाही."

हातातला पुंजका तिनं बांधावर टाकला आणि आली तशी परत गेली. यमुनाताईंनी हात पाण्यात खळबळून पदराला पुसले, कार्ड माझ्याकडून घेतलं, पोलक्यात ठेवलं आणि पुन्हा वाकून बेणायला लागल्या. आम्ही दोघं तिथेच उभे राहिलो. डोंगरात कुणाच्याही बांधावर गेलं की आधी बसा म्हणतात, पाणी देतात. आम्हाला कुणी बसा म्हणालं नाही, आणि जा असंही म्हणालं नाही.